पहाटे पावणेपाचला उठणारा कुत्रा सव्वासहापर्यंत झोपेल का?

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, घरात दीड वर्षाचा, २८ किलोचा लॅब्रॅडॉर नर. पूर्वी सव्वासहापर्यंत निवांत झोपायचा. एप्रिलपासून पावणेपाचला उठतो, हॉलमध्ये येरझाऱ्या घालतो, बेडरूमचं दार खरवडतो आणि भुंकायला लागतो. खालच्या मजल्यावरून तक्रारी येतात म्हणून मिस्टर उठून दोन बिस्किटं देतात. तो गप्प होतो, पण झोपत नाही, आणि साडेपाचला त्याला खाली न्यावंच लागतं. संध्याकाळी साडेसहाला फिरणं, सातला जेवण, नऊला शूसाठी खाली आणि अकराला घर झोपतं. ‘दुर्लक्ष करा’ हा सल्ला आठवडाभर पाळला, तर भुंकणं उलट वाढलं.

तुम्ही विचारलंय की कुत्र्याला उशिरापर्यंत झोपवायचं कसं. मी प्रश्न थोडा बदलून घेते. झोप पुरी झालेल्या कुत्र्याला झोपवता येत नाही. आपल्या हातात तीन गोष्टी असतात: त्याला कशाने जाग येते, जाग आल्यावर पुन्हा मान टाकून पडून राहावंसं वाटतं की नाही, आणि त्याच्या मते सकाळ कोण सुरू करतं. सध्या तुमच्या घरात सकाळ तो सुरू करतो. भुंकलं की दिवा लागतो, माणूस येतो, बिस्किट मिळतं. हे उलटवायचं आहे, म्हणजे तो आवाज करायच्या आधी तुम्ही उठायचं आणि मग तुमची उठण्याची वेळ हळूहळू पुढे सरकवायची. कसं ते खाली सविस्तर सांगते, पण त्याआधी काही शक्यता बाजूला काढायला हव्यात.

पहिली शक्यता दुखण्याची. पूर्वी नीट झोपणारा कुत्रा अचानक लवकर उठायला लागला, तर आधी शरीराकडे बघायचं. सकाळी जगमध्ये मोजून दोन लिटर पाणी घ्या, दिवसभर भांडं त्यातूनच भरा आणि दुसऱ्या सकाळी किती संपलं ते पाहा. जग रिकामा झाला तर पुन्हा मोजूनच भरा. चोवीस तासांत किलोमागे १०० मिलिलिटरपेक्षा जास्त, म्हणजे तुमच्या कुत्र्याच्या बाबतीत २.८ लिटरच्या वर पाणी जात असेल, तर लघवीची तपासणी करून घ्या. उन्हाळ्यात पाणी जास्त लागतंच, तरी हा आकडा ओलांडला की व्हेटला दाखवायचं. लघवीच्या जागी जंतुसंसर्ग, मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार यांत हेच दिसतं. खाज येते म्हणून प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड चालू असेल तर त्यानेही तहान आणि शू दोन्ही वाढतात. अशा वेळी गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांशी बोला. (हे वाचणाऱ्या कुणाकडे नसबंदी न झालेली मादी असेल, ती माजावर येऊन गेल्यानंतरच्या काही आठवड्यांत खूप पाणी पीत असेल आणि मलूल दिसत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. गर्भाशयात पू झालेला असू शकतो आणि त्यात एकेक दिवस महत्त्वाचा असतो.)

पहाटे उठून पिवळा फेस ओकत असेल तर पोट फार वेळ रिकामं राहिलंय. सातला जेवण आणि सकाळी सहा-सातला पुढचं खाणं, म्हणजे अकरा-बारा तासांचं अंतर पडतं. काही कुत्र्यांना ते सोसत नाही. रात्री शेवटच्या शूनंतर दिवसभराच्या खाण्यातलाच दहावा हिस्सा द्यावा. दिवसाला ३०० ग्रॅम देत असाल तर ३० ग्रॅम त्यातून बाजूला काढून ठेवायचे, वरून वाढवायचे नाहीत. लॅब्रॅडॉरचं वजन बोलता बोलता वाढतं. एवढ्याने ओकणं थांबलं नाही तर दाखवून घ्या.

तुमच्या वर्णनात यातलं काही दिसत नाही. पाण्याची मोजणी मात्र दोन दिवस कराच, तिला काही खर्च नाही.

आता जाग कशाने येते ते पाहू. लोक आधी उजेडाला दोष देतात. जूनमध्ये पुण्यात सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, नागपुरात साडेपाचच्या आसपास, आणि जानेवारीत पुण्यात सात वाजून जातात. त्यामुळे पूर्वेकडच्या बाल्कनीत झोपणारा कुत्रा उन्हाळ्यात लवकर उठतो हे खरंच आहे, आणि अशा घरात जाड, गडद पडद्याने फरक पडतो. पण पावणेपाचला बाहेर मिट्ट काळोख असतो. तुमच्याकडे उजेड कारण नाही. उकाडाही नसावा, कारण उकाड्याने त्रासलेला कुत्रा रात्री बारा-एकपासूनच जागा बदलत, धापा टाकत फिरतो आणि पहाटे फरशी गार झाली की उलट शांत झोपतो. थंडीत याच्या उलट होतं. डिसेंबरात उघड्या फरशीवर झोपणारी, आखूड केसांची कुत्री चार-पाचला गारठून उठतात. त्यांना खाली जाड गोधडी घातली की बहुतेक वेळा काम होतं.

तुम्ही जाता जाता लिहिलंय की एप्रिलपासून पाण्याची वेळ बदलली आणि सोसायटीचा पंप आता साडेचारला चालू होतो. तुमच्या सगळ्या मजकुरात मला हीच ओळ सर्वांत मोलाची वाटते. पंप तळमजल्यावर असला तरी त्याची थरथर पाइपातून, डक्टच्या भिंतीतून वर येते. आपल्याला ती जाणवतही नाही, कुत्र्याला स्पष्ट ऐकू येते. एकदा साडेचारला उठून त्याच्या गादीच्या जागी फरशीला आणि भिंतीला तळवा लावून बघा. गादी बाथरूमच्या किंवा डक्टच्या भिंतीला लागून असेल तर ती तिथून हलवायची. उत्तम जागा म्हणजे तुमच्या बेडरूममध्ये, पलंगाच्या बाजूला, पाइप नसलेल्या भिंतीकडे. बेडरूममध्ये नकोच असेल तर हॉलचा आतला कोपरा निवडा, मुख्य दारापासून आणि लिफ्टपासून लांब. जवळच टेबलफॅन मध्यम वेगावर रात्रभर चालू ठेवा, वारा त्याच्या अंगावर येणार नाही असा वळवून. पंखा एकसारखा आवाज करतो, त्यामुळे पंप, दूधवाल्याची मोटारसायकल, पेपर आपटल्याचा आवाज किंवा रस्त्यावरच्या कुत्र्यांची भांडणं अचानक कानावर आदळत नाहीत.

बेडरूममध्ये आणायला बरेच लोक कचरतात, ‘सवय लागेल’ म्हणून. माझ्या अनुभवात पहाटे दार खरवडणाऱ्या कुत्र्यांपैकी पुष्कळांना दाराच्या आत यायचं असतं, एवढंच. जाग आल्यावर माणूस शेजारी दिसला की ती सुस्कारा सोडून पुन्हा पडतात. घरात अ‍ॅलर्जी असेल, लहान बाळ असेल, तर गोष्ट वेगळी.

पंपाने जाग येते हे मान्य केलं तरी पुढचा प्रश्न उरतोच: मग तो पुन्हा झोपत का नाही? इथे बिस्किट येतं. सवय सुरू करणारं कारण आणि सवय टिकवणारं कारण ही पुष्कळदा दोन वेगळी कारणं असतात. पंपाने सुरुवात केली, बिस्किटाने ती पक्की केली. म्हणूनच उद्या पंपाची वेळ बदलली तरी हा पावणेपाचलाच उठेल. खाण्याची वेळ कुत्र्याच्या शरीरात फार लवकर बसते. रोज ठरावीक वेळी काही मिळत असेल तर ते मिळायच्या आधीच शरीर जागं होऊन वाट बघायला लागतं. मिस्टरांना यात दोष देऊ नका. पहाटे शेजाऱ्यांची झोप वाचवायला कुणीही हेच केलं असतं.

‘दुर्लक्ष करा’ का फसलं तेही यातच आहे. इतके दिवस भुंकल्यावर बिस्किट मिळत होतं, ते एकदम बंद झालं की कुत्रा आधी जास्त जोरात आणि जास्त वेळ भुंकून बघतो. हा वाढलेला टप्पा पार पडेपर्यंत तग धरला तर भुंकणं विरतं. पण फ्लॅटमध्ये वीस मिनिटांनी खालून बेल वाजते आणि आपण उठतो. तेव्हा कुत्रा शिकतो की पाच मिनिटं पुरत नाहीत, वीस मिनिटं भुंकावं लागतं. मधूनमधून मिळणारं बक्षीस रोज मिळणाऱ्या बक्षिसापेक्षा सवय जास्त चिवट करतं. स्वतंत्र बंगला असेल, शेजार लांब असेल, तरच निव्वळ दुर्लक्षाचा मार्ग धरावा. फ्लॅटमध्ये मी तो सुचवत नाही.

त्याऐवजी गजर वापरायचा. मोबाइलवर एक मंद, वेगळा सूर निवडा, जो दुसऱ्या कशासाठी वाजत नाही. पहिले चार दिवस तो पहाटे ४.३० ला लावा, म्हणजे नेहमीच्या जागेपणाच्या पंधरा मिनिटं आधी. गजर वाजला की त्याने एकही आवाज करायच्या आत उठा, दिवा लावा, शांतपणे पट्टा अडकवा, खाली न्या. तुमची सकाळ तिथूनच सुरू. हे चार-पाच दिवस जड जातात, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर दुसऱ्याच दिवशी सोडून द्याल. जमलं तर घरातल्या दोघांनी पाळी लावून घ्या. या दिवसांत कुत्र्याला एकच गोष्ट कळायला हवी: सकाळ त्या सुराने होते, माझ्या भुंकण्याने होत नाही.

पाचव्या दिवसापासून गजर दर तीन दिवसांनी दहा मिनिटं पुढे न्या: ४.४०, मग ४.५०, मग ५.००. साडेचारपासून सव्वासहापर्यंत १०५ मिनिटं आहेत, म्हणजे साधारण पाच आठवडे. मध्ये सगळं सुरळीत चाललं तर एखादी उडी पंधरा मिनिटांची घेतली तरी चालते. अर्ध्या तासाच्या उड्या घेऊ नका. तिथे कुत्रा गजराच्या आधी उठून भुंकतो, आपण उठतो, आणि गजराचा अर्थच पुसला जातो.

खाणं मात्र गजराला चिकटू द्यायचं नाही. उठल्या उठल्या भांडं वाजलं तर तो खाण्याची वाट बघत गजराच्याही आधी जागा होईल. पहिल्या आठवड्यात गजरानंतर वीस मिनिटांनी खाणं द्या, पुढे ते पंचेचाळीस मिनिटांवर न्या. सोपी खूण म्हणजे खाणं घड्याळाला न बांधता घरातल्या एखाद्या कामाला बांधायचं. चहा पिऊन कप विसळले की त्याचं भांडं, असं. घरात कुणी आजी-आजोबा पाचला उठत असतील तर त्यांनाही सांगून ठेवा. दुधाची साय, पोळीचा तुकडा, मारीचं अर्धं बिस्किट, हे सगळं कुत्र्याच्या हिशेबात न्याहारीच असतं. आणि रात्री दूध-पोळी देत असाल तर ती थांबवून बघा. पुष्कळ मोठ्या कुत्र्यांना दूध पचत नाही, पहाटे पोट बिघडून त्यांना खरंच बाहेर जायचं असतं.

गजराच्या आधी तो उठला तर? नुसता उठून जागा बदलत असेल, अंग झटकत असेल, तर हलू नका, डोळेसुद्धा उघडू नका. कुईकुई करायला लागला तर दहा-पंधरा सेकंदांची शांतता मिळेपर्यंत थांबा आणि त्या शांततेत उठा. पट्टा, लिफ्ट, नेहमीचा कोपरा, पाच मिनिटांत परत. मोठा दिवा नाही, बोलणं नाही, बिस्किट नाही. परत आल्यावर गादीवर. खाली काय करतो ते नीट बघा. मूत्राशय खरंच भरलेलं असेल तर धार पंधरा-वीस सेकंद सलग चालते. दोन थेंब टाकून गाड्यांची चाकं हुंगायला लागला तर त्याला शू नव्हती, सोबत हवी होती. तीन-चार पहाटे हे नोंदवलं की पुढे काय बदलायचं ते आपोआप कळतं. भरपूर शू असेल तर रात्रीची शेवटची फेरी उशिरा घ्या, नसेल तर जागा आणि आवाज पुन्हा तपासा.

तुमच्याकडे ती शेवटची फेरी तशीही उशिरा घ्यायला हवी. हिशेब करून बघा. नऊपासून पावणेपाचपर्यंत पावणेआठ तास होतात. निरोगी मोठा कुत्रा रात्री आठेक तास सहज धरतो, म्हणजे तो त्याच्या मर्यादेजवळच उठतोय. फेरी पावणेअकराला घेतली तर सव्वासहापर्यंत साडेसात तास होतात, आणि ते जमण्यासारखं आहे. रात्री पाण्याचं भांडं उचलून ठेवू नका, निदान आपल्याकडच्या उन्हाळ्यात तरी नाहीच. रस्सा-भात किंवा पातळ खिचडी देत असाल तर त्यातलंही पाणीच असतं, म्हणून पातळ जेवण दुपारी आणि कोरडं रात्री असं उलटवता येईल.

झोपेचाही हिशेब आहे. मोठा कुत्रा दिवसरात्र मिळून बारा ते चौदा तास झोपतो, तेही तुकड्यातुकड्यांनी. तुमचा सातला जेवून साडेसातला पसरतो. नऊची फेरी सोडली तर पावणेपाचपर्यंत त्याची नऊ तास झोप झालेली असते. म्हणून संध्याकाळ पुढे ढकलायची: फिरणं साडेसातला, जेवण पावणेनऊला, शेवटची शू पावणेअकराला. एकदम नको, रोज पंधरा मिनिटं. उन्हाळ्यात याचा आणखी एक फायदा म्हणजे तोवर डांबर निवलेलं असतं. हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवता आली तरच पंजे टेकवू द्या. फिरून आल्यावर लगेच भांडं भरू नका, अर्धा तास जाऊ द्या, आणि जेवल्यावर धावपळ नको. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांमध्ये पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो.

फिरणं किती यापेक्षा कसं, हे झोपेसाठी जास्त महत्त्वाचं. पाऊण तास पट्टा ढिला सोडून, हवं तिथे हुंगू देत चाललं तर कुत्रा मनाने दमतो. रात्री दहाला हॉलमध्ये बॉल फेकत बसलात तर तो तापतो आणि तासभर शांत होत नाही. जेवण आणि शेवटची फेरी यांच्यामध्ये त्याला थोडं जागं ठेवायचं आहे. त्यासाठी त्याच्या जेवणातलेच वीस-पंचवीस दाणे चटईच्या घड्यांत, सोफ्याच्या पायांशी लपवा आणि शोधू द्या, किंवा चघळायला काहीतरी टणक द्या. पेंगायला लागला तर हलवून जागं करू नका. जास्त दमलेला कुत्रा लहान मुलासारखाच चेकाळतो.

काही परिस्थितींत वरची रीत जशीच्या तशी लागू होत नाही. चार महिन्यांच्या आतल्या पिल्लाला रात्री एकदा खाली न्यावंच लागतं. महिन्यांच्या वयात एक मिळवला की साधारण तेवढे तास ते शू धरतं, रात्री थोडे जास्त. त्याच्याकडून सव्वासहाची अपेक्षाच करू नका. नऊ-दहा वर्षांपुढचा कुत्रा दिवसा झोपून रात्री भटकायला लागला, कोपऱ्यात तोंड करून उभा राहिला, ओळखीच्या घरात गोंधळला, तर तो मेंदूच्या वार्धक्याचा भाग असू शकतो. सांधेदुखीनेही म्हातारी कुत्री पहाटे उठतात. दोन्हींवर औषधं आहेत, गजराची शिकवणी तिथे निरुपयोगी आहे. रस्त्यावरून मोठेपणी घरात आलेला देशी कुत्रा पहाटेच्या वर्दळीवर जगलेला असतो. त्याला पाच ऐवजी आठ-दहा आठवडे द्या. आणि विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये मी लोकांना हा खटाटोप करूच नका म्हणते. तिथे पहाटे पाचची फेरी हीच दिवसातली एकमेव सुखाची फेरी असते. जुलैत सुरुवात करा.

झोपेच्या गोळ्या, सर्दीची औषधं, मेलाटोनिन, यातलं काहीही मनाने देऊ नका. माणसांसाठीच्या काही मेलाटोनिनच्या गोळ्यांत झायलिटॉल असतं आणि ते कुत्र्यांना विषारी आहे. क्रोसिन, आयब्युप्रोफेन तर घरात त्याच्या तोंडाला येईल असं ठेवूसुद्धा नका. भुंकल्यावर शॉक देणारे पट्टे आणि बाल्कनीत कोंडणं या दोन्हींनी कुत्रा झोपत नाही, घाबरून जागा राहतो.

रविवारी सगळ्यांना उशिरा उठायचं असतं, पण पहिला दीड महिना गजर रविवारीही त्याच वेळी. नंतर अर्ध्या तासाची सवलत चालते.

मध्ये घसरण होणारच. पाहुणे येतात, जुलाब होतात, कार्तिकात जवळच्या देवळात काकडआरती सुरू होते, नरक चतुर्दशीला पहाटे फटाके वाजतात. सलग दोन पहाटे तो गजराच्या आधी भुंकला तर गजर वीस मिनिटं मागे घ्या, चार दिवस तिथे थांबा, मग पुन्हा पुढे. साडेचारपासून नव्याने सुरू करायची गरज नसते. एखाद्या वेळेवरच तो अडकून बसला, समजा सव्वापाचच्या पुढे जातच नाही, तर एक दिवस पाचला जागे राहून कान द्या. त्या वेळी इमारतीत काहीतरी रोज घडत असतं: वरच्यांचा गिझर, लिफ्टचं दार, कुणाची तरी बाइक. ते सापडलं की पंखा किंवा गादी पुन्हा थोडी हलवा आणि गजर तिथूनच पुढे न्या.